उपग्रहीय काल-ग्राहींचे अंशशोधन

उपग्रहीय काल-ग्राहींचे अंशशोधन : मार्गनिर्देशक कृत्रिम उपग्रहांकडून येणारे रेडिओ संदेश घेऊन त्यांवरून अचूक वेळ ठरविणाऱ्या ग्राही यंत्रात, यंत्राच्या स्वतःच्या रचनेमुळे संदेशाला जो विलंब होतो तो मोजून काढणे व मापनातून वजा करणे, या क्रियेस ग्राहीचे अंशशोधन म्हणतात. उपग्रहाचा संदेश आकाशकावर म्हणजे अँटेनावर पडल्यापासून त्याची वेळ नोंदली जाईपर्यंत तो विवर्धक, गाळणी मंडले, केबल व गणकमंडले यांतून जातो. या प्रवासास सामान्यतः काही शे नॅनोसेकंद लागतात. १ नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग होय. एवढ्या वेळात प्रकाश सु. ३० सेंमी. अंतर जातो. स्थाननिश्चितीसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्राहीत हा विलंब सर्व उपग्रहांच्या संदेशांना जवळजवळ सारखाच असल्याने त्याचा स्थानावर परिणाम होत नाही. तो ग्राहीच्या घड्याळातील चुकीतच मिसळून जातो. परंतु ज्याला स्थान नको असून वेळच हवी आहे, त्याच्या बाबतीत हा विलंब सबंधच्या सबंध उत्तरात उतरतो. मापने कितीही वेळा केली व त्यांची सरासरी काढली, तरी तो कमी होत नाही. यामुळे काल-ग्राहींच्या अंशशोधनाचा इतिहास हा न दिसणाऱ्या स्थिर त्रुटीच्या शोधाचा इतिहास आहे.

पूर्वेतिहास : दूरच्या दोन घड्याळांची तुलना करताना मधल्या साधनाचा व निरीक्षकाचा दोष कसा काढावयाचा, हा प्रश्न उपग्रहांहून बराच जुना आहे. ग्रिनिच येथील राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलीन यांना १७९५ च्या सुमारास असे आढळले की, त्यांचे साहाय्यक डेव्हिड किनब्रुक हे ताऱ्याच्या याम्योत्तर संक्रमणाची वेळ त्यांच्यापेक्षा सु. ०·८ सेकंद उशिरा नोंदतात. किनब्रुक यांना नोकरी गमवावी लागली. पुढे एफ्. डब्ल्यू. बेसेल यांनी असे दाखवून दिले की, असा फरक अत्यंत कुशल निरीक्षकांमध्येही असतो व तो बऱ्याच अंशी ठराविक असतो. त्यास ‘वैयक्तिक समीकरण’ असे नाव पडले.

तारायंत्राचा प्रसार झाल्यावर रेखांशातील फरक काढण्यासाठी दोन वेधशाळांची घड्याळे तारेने जोडण्यात येऊ लागली. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणातील एस्. सी. वॉकर यांना १८४९ च्या सुमारास असे दिसून आले की, तारेतून संदेश जाण्यास लागणारा वेळ नगण्य नाही. संदेश दोन्ही दिशांनी पाठवून सरासरी घेतली म्हणजे हा वेळ निघून जातो. १८६६ साली बी. ए. गूल्ड यांनी अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या नव्या केबलीचा उपयोग करून आयर्लंड व न्यू फाउंडलंड यांच्या रेखांशांतील फरक काढला. अशा कामात वैयक्तिक समीकरणाचा दोष घालविण्यासाठी निरीक्षकांची अदलाबदल करीत : पहिल्या ठिकाणचा निरीक्षक दुसऱ्या ठिकाणी जाई, दुसरा पहिल्या ठिकाणी येई आणि वेध पुन्हा घेतले जात. संदेश उलटसुलट पाठविणे आणि निरीक्षक हलविणे या दोन्ही युक्त्या उपग्रहयुगात नव्या रूपात परत आल्या.

भारतात मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली ती नौकानयन व कालमापन यांना साहाय्य म्हणूनच. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाण वेळ अंमलात आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटांनी मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. योगायोगाने त्याच वर्षी इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एल्. एसेन व जे. व्ही. एल्. पॅरी यांनी पहिले व्यवहारोपयोगी सिझियम घड्याळ सुरू केले आणि कालमापनाचा पाया ग्रहगतीवरून अणूवर सरकला. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सिझियम (१३३) अणूच्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांचा काल अशी करण्यात आली [⟶ कालमापन].

घड्याळ इतके अचूक झाल्यावर तुलनेची साधने मागे पडली. लघुतरंग रेडिओवरील वेळेचे संदेश आयनांबरावरून परावर्तित होऊन येत असल्याने त्यांची अचूकता मिलिसेकंदाच्या आसपासच राही. १९६४ पासून सिझियम घड्याळेच विमानाने एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे नेण्यास प्रारंभ झाला. ही ‘उडती घड्याळे’ सु. १ मायक्रोसेकंद किंवा त्याहून चांगली अचूकता देत. पण तुलना वर्षातून थोड्याच वेळा होई व खर्चही मोठा असे. लोरान-सी या दीर्घतरंग मार्गनिर्देशन पद्धतीच्या साहाय्याने रोजची तुलना शक्य झाली. मात्र तिच्या प्रेषकांचे जाळे मुख्यतः उत्तर अटलांटिक, भूमध्य समुद्र व वायव्य पॅसिफिक या प्रदेशांपुरते होते. १९७०–८० या दशकात आंतरराष्ट्रीय आणवीय काल हा त्यामुळे वस्तुतः थोड्या देशांच्या घड्याळांवर आधारलेला होता.

उपग्रहांचा उपयोग : ऑक्टोबर १९५७ मध्ये सोडण्यात आलेल्या पहिल्या स्पुटनिकच्या संदेशाची कंप्रता डॉप्लर परिणामामुळे कशी बदलते, हे अमेरिकेतील डब्ल्यू. एच्. गायर व जी. सी. वाइफेनबाक यांनी मोजले व त्यावरून उपग्रहाची कक्षा काढली. या पद्धतीच्या उलट उपयोगातून ट्रँझिट ही पहिली मार्गनिर्देशक उपग्रह योजना निघाली. ऑगस्ट १९६२ मध्ये टेलस्टार या संदेशवहन उपग्रहामार्फत अमेरिका व ब्रिटन यांच्या घड्याळांची तुलना सु. १ मायक्रोसेकंदापर्यंत करण्यात आली. या प्रयोगात दोन्ही बाजूंनी संदेश पाठविले होते. म्हणजे तारायंत्राच्या काळातील युक्तीच अवकाशात नेण्यात आली होती.

अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत आर्. एल्. ईस्टन यांच्या नेतृत्वाखाली घड्याळच उपग्रहात ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. १९६७ व १९६९ मधील टिमेशन उपग्रहांत क्वॉर्ट्‌झ आंदोलक होते. १९७४ च्या उपग्रहात रुबिडियम घड्याळे व जून १९७७ मध्ये सोडलेल्या एनटीएस-२ या उपग्रहात सिझियम घड्याळे होती. सापेक्षता सिद्धांतानुसार या कक्षेतील घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षा दिवसाला सु. ३८·६ मायक्रोसेकंद पुढे जावयास हवे होते. सुरुवातीचे सु. २० दिवस दुरुस्ती मंडल मुद्दाम बंद ठेवून ते तपासले, तेव्हा सु. ३८·२ मायक्रोसेकंद एवढी वाढ आढळली. या अनुभवाचा लाभ पुढे जीपीएस या नावाने सर्वश्रुत झालेल्या योजनेस मिळाला. तिचे उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात व त्यांची मूळ कालगणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते.

समदर्शन पद्धती : १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डी. डब्ल्यू. ॲलन व एम्. ए. वाइस यांनी दूरच्या घड्याळांच्या तुलनेसाठी एक सोपी पद्धती सुचविली. दोन प्रयोगशाळांनी एकच उपग्रह एकाच वेळी पाहावयाचा, प्रत्येकीने आपले घड्याळ व उपग्रहाचे घड्याळ यांतील फरक नोंदवावयाचा आणि नंतर या दोन नोंदींची वजाबाकी करावयाची. या वजाबाकीत उपग्रहाच्या घड्याळाची चूक पूर्णपणे नाहीशी होते. उपग्रहाच्या कक्षेतील व वातावरणातील विलंबाच्या चुकाही दोन्ही ठिकाणी काहीशा सारख्या असल्याने पुष्कळ कमी होतात. या रीतीने सु. १० नॅनोसेकंदांपर्यंत पोहोचता येईल, असे त्यांनी दाखविले. उपग्रहांची स्थिती नाक्षत्र दिनानंतर पुन्हा तशीच येत असल्याने वेधांचे वेळापत्रक रोज ४ मिनिटे अलीकडे आणावे लागे. प्रत्येक वेध १३ मिनिटांचा असे. १९९० नंतर काही वर्षे अमेरिकेने लष्करी कारणासाठी उपग्रहांच्या घड्याळांत मुद्दाम घातलेली अस्थिरताही या पद्धतीपुढे निष्प्रभ ठरली, कारण दोन्ही ठिकाणी ती त्याच क्षणी तितकीच असे. ही अस्थिरता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली.

या पद्धतीमुळे आंतरराष्ट्रीय कालगणनेचे स्वरूप पालटले. १९८८ च्या प्रारंभी ही जबाबदारी पॅरिस वेधशाळेतील आंतरराष्ट्रीय काल कार्यालयाकडून सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालयाकडे आली, तेव्हा उपग्रहीय ग्राही हे तुलनेचे मुख्य साधन होऊ लागले होते. परंतु समदर्शनाच्या वजाबाकीत एक गोष्ट जात नाही, ती म्हणजे दोन ग्राहींच्या अंतर्गत विलंबांतील फरक. आकाशातील चुका जसजशा कमी झाल्या तसतशी प्रयोगशाळेच्या छपरापासून घड्याळापर्यंतची ही चूकच सर्वांत मोठी ठरली.

विलंबाचे घटक : एकूण विलंब तीन भागांत मोजण्याचा प्रघात आहे. पहिला भाग आकाशक व ग्राही यांतील अंतर्गत विलंबाचा. दुसरा आकाशकापासून ग्राहीपर्यंतच्या केबलीचा. नेहमीच्या समाक्ष केबलीत तो दर मीटरला सु. ५ नॅनोसेकंद असतो, म्हणजे ५० मी. केबलीत सु. २५० नॅनोसेकंद. तिसरा भाग प्रयोगशाळेचे घड्याळ व ग्राही यांना जोडणाऱ्या तारेचा. घड्याळ दर सेकंदाला एक विद्युत् स्पंद देते. तो स्पंद चढत असताना कोणत्या विद्युत् दाबाला ‘सेकंद झाला’ असे समजावयाचे, हेही ठरवून घ्यावे लागते. स्पंदाचा चढ मंद असेल, तर या ठरावातील फरकानेच नॅनोसेकंदाची चूक होते.

याखेरीज आकाशकाचे स्थान अचूक माहीत असावे लागते, कारण १ मी. ची चूक सु. ३·३ नॅनोसेकंदांएवढी असते. आरंभीच्या वर्षांत निरनिराळ्या प्रयोगशाळांची स्थाने निरनिराळ्या मापनचौकटींत दिलेली असत. १९९० साली ती एका आंतरराष्ट्रीय पार्थिव चौकटीत आणण्यात आली, तेव्हा अनेक जुळण्यांत सुधारणा झाली. काही ग्राहींचा विलंब बाहेरील तापमानानुसार बदलतो, हेही याच सुमारास ध्यानात आले. उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळे पुढे-मागे होत असल्याचा भास त्यामुळे होई. छप्पर, कठडे व भिंती यांवरून परावर्तित होऊन येणारे संदेशही त्रुटी उत्पन्न करतात. आयनांबरातील विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन कंप्रतांवर मापन करून तो काढून टाकता येतो. पण मग प्रत्येक कंप्रतेसाठी ग्राहीचा विलंब वेगळा मोजावा लागतो.

प्रवासी ग्राही : सापेक्ष अंशशोधनाची रीत निरीक्षकांच्या जुन्या अदलाबदलीची आठवण करून देणारी आहे. एकाच घड्याळाला जोडलेल्या व एकमेकांपासून काही मीटर अंतरावर आकाशक असलेल्या दोन ग्राहींनी एकच वेळ दाखविली पाहिजे. ती तशी न दाखविल्यास जो फरक येतो, तो ग्राहींच्या विलंबांतील फरक होय. या तत्त्वावर एक ग्राही प्रवासाला पाठवितात. समजा, निघण्यापूर्वी प्रवासी ग्राहीचा विलंब संदर्भ ग्राहीपेक्षा १२ नॅनोसेकंद अधिक आढळला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतील ग्राहीचा विलंब प्रवासी ग्राहीपेक्षा ५ नॅनोसेकंद अधिक आढळला. तर त्या ग्राहीची दुरुस्ती १७ नॅनोसेकंद ठरते. काम एवढ्यावर संपत नाही. प्रवासी ग्राही परत आल्यावर संदर्भाशी पुन्हा ताडून पाहावयाचा असतो. आता फरक १२ ऐवजी १३ आला, तर वाटेत तो बदलला आहे हे उघड होते. सरासरी १२·५ धरून दुरुस्ती १७·५ करतात आणि हा १ नॅनोसेकंदाचा फरक अनिश्चिततेत धरतात. परतीची तुलना टाळली, तर वाटेतील धक्क्यांचा दोष यजमान प्रयोगशाळेच्या माथी बसतो.

१९८०–९० या दशकात असे प्रवास अमेरिका व यूरोप यांमधील प्रयोगशाळांत सुरू झाले व पुढे इतर खंडांत गेले. पॅरिस वेधशाळेतील ग्राही दीर्घकाळ संदर्भ म्हणून वापरला गेला. काही प्रयोगशाळांच्या ग्राहींत दहा नॅनोसेकंदांहून अधिक दोष निघाला. ती यंत्रे तोवर सुरळीत चालत होती व त्यांच्या नोंदींत कोणतीही विसंगती दिसत नव्हती. सुसंगती म्हणजे अचूकता नव्हे, ही गोष्ट या प्रवासांनी आकड्यांनिशी पटवून दिली. १९९४ मध्ये नोंदींचा समान नमुना व गणिताची समान रीत प्रसिद्ध करण्यात आली, कारण एकाच संदेशावरून निरनिराळ्या उत्पादकांचे ग्राही निरनिराळ्या रीतीने उत्तर काढीत असत. आता आंतरराष्ट्रीय कार्यालय प्रत्येक विभागातील निवडक प्रयोगशाळांचे अंशशोधन करते व त्या आपापल्या विभागातील इतरांचे करतात. या रीतीने साधणारी अनिश्चितता काही थोड्या नॅनोसेकंदांची असते.

निरपेक्ष अंशशोधन : सापेक्ष रीतीत संदर्भ ग्राहीची स्वतःची चूक सर्वांत सारखीच उतरते. दोन घड्याळांच्या तुलनेत ती वजाबाकीने जाते. परंतु उपग्रह योजनेची वेळच प्रत्यक्ष घ्यावयाची असेल, तर ती बाधते. म्हणून उपग्रहासारखाच संदेश प्रयोगशाळेत निर्माण करणारे उपकरण ग्राहीला जोडून विलंब थेट मोजण्याची रीत बसविण्यात आली. यात कृत्रिम संदेशाचा निर्गमक्षण अचूक माहीत असतो. आकाशकाचा विलंब तरंगशोषक भिंतींच्या दालनात स्वतंत्रपणे मोजतात. ही रीत सु. १ नॅनोसेकंदापर्यंत जाते, पण ती खर्चिक व अवघड आहे. याच्या जोडीला संदेशवहन उपग्रहामार्फत दोन्ही दिशांनी संदेश पाठविण्याची पद्धती १९९९ पासून आंतरराष्ट्रीय आणवीय कालाच्या गणनेत वापरली जाऊ लागली. दोन भिन्न पद्धतींनी एकच उत्तर येणे, हीच अशा क्षेत्रात खात्रीची कसोटी ठरते.

न्यूट्रिनोचा प्रयोग : या सूक्ष्मतेचे महत्त्व सर्वसामान्यांस कळले ते सप्टेंबर २०११ मध्ये. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेतून निघालेले न्यूट्रिनो कण सु. ७३० किमी. अंतरावरील इटलीतील ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सु. ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे ओपेरा या प्रयोगातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले. हे खरे असते, तर सापेक्षता सिद्धांताच्या पायालाच धक्का बसला असता. साहजिकच पहिला संशय दोन्ही टोकांच्या उपग्रहीय ग्राहींवर गेला. पण त्यांचे अंशशोधन स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय मापनविज्ञान संस्थेने केलेले होते आणि जर्मनीच्या राष्ट्रीय संस्थेने प्रवासी ग्राही नेऊन ते पुन्हा तपासले, तेव्हा फरक केवळ सु. २·३ नॅनोसेकंद निघाला. त्यामुळे शोध पुढच्या दुव्याकडे वळला. उपग्रहाची वेळ पृष्ठभागावरून भूमिगत दालनात नेणाऱ्या ८·३ किमी. लांबीच्या प्रकाशीय तंतूची जोडणी पूर्ण बसलेली नव्हती. पोहोचणारा प्रकाश मंद झाल्याने ग्राहक मंडल उशिरा जागे होई व त्यामुळे सु. ७४ नॅनोसेकंदांचा जादा विलंब होत असे. मुख्य घड्याळाच्या आंदोलकातील दुसरा, उलट दिशेचा लहान दोषही सापडला. २०१२ मध्ये दोन्ही दुरुस्त्यांनंतर फरक ६·५ नॅनोसेकंद उरला व तो अनिश्चिततेच्या मर्यादेतच होता. ग्रान सासो येथील इतर प्रयोगांनीही प्रकाशवेगाशी जुळणारा निष्कर्ष दिला. अंशशोधन चोख असल्यामुळेच साखळीतील निर्दोष कडी ओळखता आली व सदोष कडीपर्यंत जाता आले.

अंशशोधनालाही मर्यादा आहेत. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जीपीएस योजनेच्या काही उपग्रहांवरून समन्वित वेळेसंबंधीची चुकीची माहिती प्रक्षेपित झाली. परिणामी ती माहिती वापरणाऱ्या अनेक ग्राहींची वेळ सु. १३·७ मायक्रोसेकंदांनी चुकली. दूरध्वनी व प्रक्षेपण यंत्रणांत ठिकठिकाणी धोक्याचे इशारे मिळाले. ग्राही निर्दोष असला, तरी मूळ स्रोत तपासण्यासाठी स्वतंत्र घड्याळ व दुसरा स्रोत हाताशी असणे आवश्यक असते.

भारतातील स्थिती : भारतीय प्रमाण वेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. तिची आणवीय घड्याळे उपग्रहीय दुव्यांनी आंतरराष्ट्रीय गणनेशी जोडलेली असून, त्यांतील फरक आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या मासिक परिपत्रकात अनिश्चिततेसह प्रसिद्ध होतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तेथे स्पंदक ताऱ्यांच्या स्पंदांचे आगमनक्षण वर्षानुवर्षे नोंदले जातात. या क्षणांना उपग्रहीय ग्राहीच्या आधारे जगाच्या सामाईक वेळेशी जोडावे लागते. नोंदीच्या साखळीतील एखादा विलंब मध्येच बदलला, तर तो ताऱ्याच्या वर्तनातील बदल भासू शकतो. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१३ पासून स्वतःचे मार्गनिर्देशक उपग्रह सोडले. त्यांतील पहिल्या उपग्रहाची आयात केलेली रुबिडियम घड्याळे पुढे निकामी झाली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात बनविलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. प्रत्येक नव्या उपग्रह योजनेबरोबर नव्या कंप्रता येतात व त्यांसाठी ग्राहींचे विलंब पुन्हा मोजावे लागतात.

प्रत्येक देशाची वेळ ही आता इतर देशांच्या घड्याळांशी केलेल्या तुलनेतून ठरते आणि त्या तुलनेची विश्वसनीयता छपरावरील आकाशक, काही मीटर केबल व एक ग्राही यांच्या ज्ञात विलंबावर अवलंबून असते. घड्याळांची अचूकता तुलनेच्या साधनांहून कित्येक पटींनी अधिक झालेली असल्याने जागतिक वेळेच्या प्रत्यक्ष अचूकतेची मर्यादा पुष्कळ अंशी हे अंशशोधनच ठरविते.